शेवटच्या नऊ जणांचा हिशेब

जुलै २०२४. लास वेगासमध्ये ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत १०,११२ जणांनी नाव नोंदवले होते. प्रत्येकाने दहा हजार डॉलर भरले आणि प्रत्येकाला सारख्याच, ६० हजारांच्या चिप्स मिळाल्या. सुमारे दोन आठवड्यांत एकेक करत १०,१०३ जण बाद झाले आणि नऊ उरले. हे नऊ जण ज्या टेबलाभोवती बसतात त्याला पोकरच्या जगात ‘फायनल टेबल’ म्हणतात. त्या वर्षी नवव्याला १० लाख डॉलर होते, पाचव्याला २५ लाख, तिसऱ्याला ४० लाख, दुसऱ्याला ६० लाख आणि विजेत्याला एक कोटी.

पत्त्यांचे नियम पहिल्या दिवशी होते तेच शेवटच्या दिवशीही असतात. तरीही या टेबलावर खेळ पार बदलतो. पहिल्या दिवशी जी चाल शहाणपणाची असते, तीच इथे घोडचूक ठरू शकते. समोर नुसते पत्ते पाहणाऱ्याला हा बदल दिसत नाही. तो दिसायला लागला की मात्र फायनल टेबल पाहण्यासारखा दुसरा बौद्धिक आनंद विरळा.

आधी खेळाची तोंडओळख. तीन पत्ती खेळलेल्यांना पोकरची अर्धी भाषा येतेच. जोडी, रन, कलर इथेही आहेत आणि पाने आवडली नाहीत तर पॅक व्हायची मुभाही आहे. फरक असा, की ‘होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोनच पाने मिळतात आणि टेबलाच्या मध्ये पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात. आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. या सात पानांतून ज्याचा पाच पानांचा डाव सर्वांत भारी, त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्स. प्रत्येक टप्प्यावर चाल लावायची संधी असते आणि कोणत्याही क्षणी आपल्या सगळ्या चिप्स पुढे सारता येतात. त्याला म्हणतात ‘ऑल-इन’. पाने न पाहताच दोघांना ठरावीक रक्कम भरावी लागते, ती ‘ब्लाइंड’. ही रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते, त्यामुळे नुसते बसून राहणाऱ्याच्या चिप्स आपोआप झिजतात.

आता मुख्य मुद्दा. स्पर्धेतल्या चिप्स खिडकीवर देऊन पैसे मिळत नाहीत. पैसे मिळतात ते क्रमांकाचे. म्हणजे चिपला स्वतःची अशी किंमत नाही. ती तुम्हाला कोणत्या क्रमांकापर्यंत नेऊ शकते, यावर तिची किंमत ठरते. ही किंमत मोजायची रीत आली घोड्यांच्या शर्यतीतून. डेव्हिड हारव्हिल या अभ्यासकाने १९७३ मध्ये एक सूत्र मांडले होते. घोड्यांची पहिले येण्याची शक्यता माहीत असेल, तर दुसरे-तिसरे येण्याची शक्यता कशी काढायची, हे त्यात होते. पुढे मेसन माल्मथ या पोकर-लेखकाने १९८७ मध्ये ते चिप्सना लावले. आज जगभरचे व्यावसायिक खेळाडू या हिशेबाला ‘आयसीएम’ म्हणतात.

एक छोटे उदाहरण घेऊ. तिघेच उरले आहेत. बक्षिसे ५० लाख, ३० लाख आणि २० लाख रुपये. एकूण चिप्स १०० मानू. अ-कडे ५०, ब-कडे ३० आणि क-कडे २०. सूत्र लावले की अ-च्या चिप्सची किंमत निघते साधारण ३८ लाख ४० हजार, ब-ची ३२ लाख ७५ हजार आणि क-ची २८ लाख ८५ हजार. निम्म्या चिप्स हाती असूनही अ-च्या वाट्याला निम्मे पैसे येत नाहीत. क-कडे मात्र पाचवा हिस्साच चिप्स आहेत आणि तरी त्याची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. तिसऱ्या क्रमांकाचे २० लाख त्याला कुठे जात नाहीत.

आता समजा अ-ने ऑल-इन केले आणि ब-ला ठरवायचे आहे की भिडायचे की पाने टाकायची. भिडून जिंकला तर त्याच्याकडे ६० चिप्स होतील आणि त्यांची किंमत होईल ४१ लाख. हरला तर तो तिसरा, २० लाख घेऊन घरी. म्हणजे मिळणार सव्वाआठ लाख आणि जाणार पावणेतेरा लाख. हा सौदा परवडायचा असेल तर ब-ला जिंकायची शक्यता निदान ६१ टक्के हवी. राणीची जोडी एक्का-राजासमोर आली तर जिंकण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या आसपास असते. समोर एक्का-राजाच आहे हे ब-ला पक्के ठाऊक असेल, तर हा हिशेब त्याला राणीची जोडी टाकून द्यायला सांगतो! पहिल्या दिवशी असे कोणी केले तर त्याला भित्रा म्हणतील. शेवटच्या टेबलावर तोच शहाणा.

यातला सर्वांत विलक्षण भाग क-चा आहे. अ आणि ब भिडले तर निकाल कोणाच्याही बाजूने लागो, क-चा फायदाच होतो. ब बाद झाला तर क-च्या चिप्सची किंमत ३४ लाख होते. ब जिंकला तरी ती साडेएकोणतीस लाखांवर जाते. एकही पान न खेळता, हात बांधून बसलेला माणूस श्रीमंत होतो. भिडणाऱ्या दोघांच्या खिशातून गेलेली किंमत तिसऱ्याच्या खिशात पडते.

एवढे कळले की फायनल टेबलावरचे सगळे वागणे उलगडते. ज्याच्यासमोर चिप्सचा डोंगर असतो तो साधारण पानांवरही चाल वाढवत राहतो. त्याची पाने भारी असतील असे नाही, पण त्याला ठाऊक असते की समोरच्याला भिडणे परवडणार नाही. सर्वांत जास्त कोंडी होते ती मधल्यांची. त्यांच्याहून कमी चिप्सवाला एखादा टेबलावर टेकीला आलेला असतो आणि तो बाद होईपर्यंत थांबले तर क्रमांक वर सरकून लाखो डॉलर वाढणार असतात. अशा वेळी चांगली पाने हातात असूनही ती टाकावी लागतात. सर्वांत लहान खेळाडूची कोंडी वेगळी. ब्लाइंड्स त्याला खात असतात, म्हणून फार थांबता येत नाही. कुठेतरी एकदा जीव तोडून उडी घ्यावीच लागते.

आणि उडी घेतली की पुढे नशीब. ते इथे नाकारून चालत नाही. १९९५ मध्ये बार्बरा एनराइट या मुख्य स्पर्धेच्या फायनल टेबलावर पोहोचणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पाच जण उरले असताना त्यांच्याकडे अठ्ठ्यांची जोडी होती आणि समोरच्याकडे छक्की-तिर्री. असा सामना पाच वेळा झाला तर साधारण चार वेळा अठ्ठ्याच जिंकतात. त्या दिवशी पहिल्या तीन पानांतच छक्की आणि तिर्री दोन्ही आल्या. एनराइट पाचव्या आल्या. त्यांच्या निर्णयात काडीची चूक नव्हती. त्यानंतर त्या टेबलावर दुसरी महिला दिसायला तीस वर्षे जावी लागली. २०२५ मध्ये स्पेनच्या लिओ मार्गेट्स तिथे पोहोचल्या आणि सातव्या आल्या. निकाल पाहून खेळाडूची पारख करू नये, त्याने निर्णय घेताना त्याला काय माहीत होते ते पाहावे, हा या खेळाचा पहिला धडा आहे.

दोघेच उरले की हिशेब पुन्हा फिरतो. दुसऱ्या क्रमांकाचे पैसे दोघांचेही पक्के झालेले असतात. झगडा उरतो फक्त पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसातल्या फरकाचा. त्यामुळे चिपची किंमत सरळ होते. गमावलेली चिप आणि मिळवलेली चिप सारख्याच वजनाच्या. मघाशी जे धाडस अव्यवहारी होते ते आता व्यवहारी होते.

२००३ च्या मुख्य स्पर्धेतला एक प्रसिद्ध डाव याच टप्प्यावरचा. ८३९ खेळाडूंतून दोघे उरले होते. एकीकडे सॅमी फारहा, मुरलेला व्यावसायिक. दुसरीकडे ख्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातला हिशेबनीस, जो ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून इथवर आला होता. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फारहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. पहिली तीन पाने आली: इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फारहाची नव्व्यांची जोडी झाली, मनीमेकरकडे काहीच नाही. चौथे पान इस्पिकची अठ्ठी. आता मनीमेकरला आणखी एक इस्पिक आले तर कलर, पंजी किंवा दश्शी आली तर रन. फारहाने तीन लाखांची चाल लावली, मनीमेकरने ती आठ लाखांवर नेली, फारहा टिकून राहिला. पाचवे पान पडले बदामची तिर्री. कलर नाही, रन नाही, साधी जोडीसुद्धा नाही.

फारहाने चाल न लावता डाव पुढे सोपवला. मनीमेकरने सगळ्या चिप्स आत सारल्या आणि पुतळ्यासारखा बसून राहिला. फारहा बराच वेळ विचार करत होता. समोरच्याचा कलर हुकला असणार, हे त्याने बोलूनही दाखवले. त्याचा अंदाज अचूक होता. तरीही त्याने नव्व्यांची जोडी टाकून दिली.

ही हूल, म्हणजेच ‘ब्लफ’, का चालली? मनीमेकरने गोष्ट पहिल्यापासून सुसंगत सांगितली होती. चौथ्या पानावर तीन इस्पिके टेबलावर असताना त्याने चाल वाढवली, म्हणजे कलर झालेला माणूस जसे खेळेल तसेच तो खेळला. फारहाकडे एकच जोडी होती आणि ती टाकून दिली तरी तो स्पर्धेत टिकून राहणार होता. थोड्याच वेळात मनीमेकरने पंजी-चव्वीवर फुल हाऊस (एका अंकाची तीन आणि दुसऱ्याची दोन पाने) करून २५ लाख डॉलर जिंकले. पुढच्या वर्षी खेळाडूंची संख्या २,५७६ झाली, २००६ मध्ये ८,७७३.

या लाटेमागे आणखी एका माणसाचे देणे आहे. हेन्री ओरेन्स्टाइन हे पोलंडमध्ये जन्मलेले, नाझी छळछावण्यांतून वाचलेले आणि पुढे अमेरिकेत खेळणी बनवून नाव कमावलेले गृहस्थ. खेळाडूंची झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवणाऱ्या टेबलाचे पेटंट त्यांचे. त्याआधी दूरदर्शनवरचे पोकर म्हणजे गप्प बसलेल्या माणसांचे चित्रण होते. पाने दिसू लागल्यावर प्रेक्षकाला खेळाडूहून जास्त माहिती मिळाली, आणि फारहाची घालमेल घराघरांत कळली.

आता प्रश्न आहे संगणकाचा. ‘सॉल्व्हर’ नावाची सॉफ्टवेअर वर सांगितलेल्या हिशेबाच्या कितीतरी पुढे जाऊन, कोणत्या पानांवर किती वेळा काय करावे, हे काढून देतात. घरी अभ्यासाला ती वापरणे योग्यच. पण २०२४ च्या फायनल टेबलावर जोनाथन तमायो डावांच्या मध्ये कडेच्या मित्रांकडे जात होता आणि त्यांच्याकडे लॅपटॉप उघडा होता. तमायो जिंकला, त्याचे विजेतेपद कायम राहिले, पण वाद पेटला आणि अशा साधनांबाबतचे नियम पुढे कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. या टेबलाचे सारे मोल एकट्या माणसाने, थकलेल्या डोक्याने, घड्याळ चालू असताना घेतलेल्या निर्णयात आहे. तो निर्णय बाहेरून पुरवला गेला तर पाहण्यासारखे उरते काय?

भारतीयांचेही या जगात नाव झाले आहे. संतोष सुवर्णाने २०२४ च्या याच सिरीजमध्ये अडीच लाख डॉलर प्रवेशशुल्काची स्पर्धा जिंकून ५४ लाख डॉलर मिळवले. पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो बोटींवरही पोकरच्या स्पर्धा होत आल्या आहेत. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद या कायद्याने ठेवला नाही. पोकर कौशल्याचा खेळ आहे असे मी ठामपणे मानतो, आणि तरीही एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायला हवी. मुख्य स्पर्धेत साधारण १५ टक्के खेळाडूंनाच काही ना काही बक्षीस मिळते. बाकीचे ८५ टक्के दहा हजार डॉलर घालवून परततात आणि विजेत्याचा कोटी डॉलरचा ढीग त्यांच्याच पैशांतून उभा राहतो. ज्या हिशेबाने ब-ला राणीची जोडी टाकायला सांगितली, तोच हिशेब सामान्य माणसाला सांगतो की घरखर्चाचा पैसा या टेबलावर नेऊ नये.

पाहायला मात्र पैसे पणाला लावावे लागत नाहीत. पुढच्या वेळी फायनल टेबल पाहाल तेव्हा पॉट जिंकणाऱ्याकडे पाहण्याआधी चिप्सची उतरंड पाहा, पुढच्या क्रमांकाला किती पैसे वाढतात ते पाहा आणि मग ज्याने चांगली पाने टाकून दिली त्याने ती का टाकली, याचा विचार करा. छायाचित्रात विजेत्याचा शेवटचा डाव येतो. त्याला त्या डावापर्यंत आणणारे बहुतेक निर्णय अशा टाकलेल्या पानांचे असतात.