चढावर ट्रॅक्टरचा आवाज बदलला? आधी कारण ओळखा

गाळप हंगामात उसाने भरलेली ट्रॉली फडातून रस्त्यावर काढताना किंवा घाट चढताना इंजिनवर सर्वाधिक ताण येतो. सपाट रस्त्यावर न जाणवणारा दोष अशा वेळी आवाजातून कळतो. आवाजासोबत धुराचा रंग, तापमानाचा काटा आणि ऑइलचा दिवा पाहिला, तर किरकोळ आणि गंभीर बिघाड वेगळे ओळखता येतात.

इंजिन कशामुळे ठोकते?

डिझेल इंजिनमध्ये दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडतो आणि पेट घेतो. पेट घ्यायला उशीर झाला, तर साचलेले डिझेल एकदम पेटते व कडक टकटक ऐकू येते. नोझल खराब असणे, पंपाचे टायमिंग चुकणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

मात्र आधी गिअर तपासा. वरच्या गिअरमध्ये चढ चढताना इंजिनचे फेरे कमी होतात, इंजिन दबते आणि ठोकू लागते. फेरे कमी झाले की ऑइलचा दाबही घटतो व बेअरिंगची झीज वाढते. गिअर कमी केल्यावर आवाज थांबला, तर दोष बहुधा चालवण्याच्या पद्धतीत आहे.

आवाजावरून अंदाज

- कडक टकटक, काळा धूर : एअर क्लीनर चोंदलेला किंवा नोझल खराब. आधी एअर क्लीनर साफ करा.
- फट-फट आवाज : सायलेन्सरच्या जोडावर गॅस्केट फुटले असण्याची शक्यता. जोडाजवळ काजळी दिसते.
- शिट्टीसारखा आवाज, ओढ कमी : टर्बो असल्यास हवेचा पाइप सैल किंवा फाटलेला.
- चिरचिर आवाज, तापमान वाढते : फॅन बेल्ट सैल. इंजिन बंद करून अंगठ्याने दाबा. साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबणे योग्य.
- फेरे वाढतात, वेग वाढत नाही, जळका वास : क्लच घसरत आहे.
- खोलवरून येणारा जड ठोका : मेन किंवा कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. हा सर्वांत धोक्याचा आवाज.

केव्हा थांबावे?

जड ठोका येत असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर ट्रॅक्टर सुरक्षित उभा करून इंजिन लगेच बंद करा. ‘कारखान्यापर्यंत जाऊ’ म्हणून चालवत राहिल्यास बेअरिंगसोबत क्रँकशाफ्टही खराब होतो आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो.

फक्त तापमान वाढले असेल, तर थांबून काही मिनिटे इंजिन मंद चालू ठेवा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

थांबल्यावर हँडब्रेक ओढा आणि ट्रॅक्टर-ट्रॉली दोन्हींच्या चाकांना मोठे दगड लावा. मगच खाली उतरा.

थंड झाल्यावर ऑइलची पट्टी पाहा

पातळी कमी असेल तर गळती शोधा. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरत आहे. ऑइल दुधाळ दिसल्यास पाणी मिसळले आहे. या दोन्ही स्थितींत इंजिन सुरू करू नका.

कोणत्या सिलिंडरमध्ये दोष आहे, हे पाहण्यासाठी नोझलची नळी सैल करण्याची पद्धत जुन्या पंपाच्या इंजिनवर मेकॅनिक वापरतात. कॉमन रेल इंजिनवर हे कधीही करू नये. त्यातील डिझेलचा दाब इतका असतो की धार कातडी भेदून आत शिरते.

चढण्यापूर्वी

योग्य गिअर पायथ्याशीच टाका. चढावर क्लच दाबून गिअर बदलताना ट्रॉली मागे ओढू शकते. उतरताना न्यूट्रल करू नका. ट्रॉली क्षमतेपेक्षा जास्त भरू नका.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : शेतकऱ्याचा फोन आल्यास पाच गोष्टी विचारा. आवाज केव्हा येतो, गिअर कमी केल्यावर थांबतो का, धूर कोणत्या रंगाचा, तापमान किती आणि ऑइलचा दिवा लागला का? हीच माहिती मेकॅनिकला दिल्यास दोष लवकर सापडतो.