हजेरीपटाबाहेरचे रुग्ण

शाळेचा दहावीचा निकाल 90 टक्के लागला की गावाला समाधान वाटते. परंतु दहा वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्या मुलांपैकी किती जण या परीक्षेपर्यंत पोहोचले, हे सहसा कोणी विचारीत नाही. एचआयव्हीवरील उपचारांची आकडेवारी वाचतानाही हीच गफलत होण्याचा संभव आहे.

1 एप्रिल 2004 रोजी देशातील आठ सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ झाला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यांपैकी एक. आज नांदेड व लातूर येथेही एआरटी केंद्रे आहेत. निदान होताच औषध सुरू करावे, असे 2017पासूनचे राष्ट्रीय धोरण आहे. त्यामागे भक्कम आधार आहे. ज्यात पुण्याचाही सहभाग होता अशा एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, असे 2011 मध्ये दिसून आले. मात्र हे औषध जन्मभर, खंड न पडता घ्यावे लागते.

समजा, एका वर्षी 100 जणांनी औषध सुरू केले. दोन वर्षांनी त्यांतील 60 जण केंद्रावर येतात व 54 जणांच्या रक्तातील विषाणू आटोक्यात आहेत. येणाऱ्यांपुरते पाहिले, तर यश 90 टक्के. आरंभ करणाऱ्यांच्या हिशेबाने ते 54 टक्केच. उरलेल्या 40 जणांपैकी कोण दगावले, कोणी केंद्र बदलले आणि कोणी औषध सोडले, हे केवळ चालू हजेरीवरून कळत नाही. त्यासाठी एकाच काळात उपचार सुरू केलेल्या संपूर्ण गटाचा वर्षानुवर्षे मागोवा घ्यावा लागतो. यालाच कोहॉर्ट अभ्यास म्हणतात. गर्भवती स्त्रियांच्या रक्ततपासणीवरून प्रादुर्भावाचा अंदाज बांधता येतो. उपचाराचे फलित मात्र अशा मागोव्यातूनच समजते.

मराठवाड्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नांदेडची सीमा तेलंगणाला, तर लातूरची कर्नाटकातील बीदरला लागून आहे. येथील नोंदवहीत 'बेपत्ता' ठरलेला रुग्ण निजामाबादेत नियमित औषध घेत असेल, किंवा फडावरच त्याचे औषध संपले असेल. दोघांची नोंद एकच. नशीब मात्र भिन्न.

तेव्हा राष्ट्रीय कल ठरविताना मोठ्या शहरांतील नामांकित रुग्णालयांचे गट पुरेसे नाहीत. तेथवर पोहोचणारा रुग्ण आणि मुखेड वा किनवटचा मजूर यांची परिस्थिती सारखी नसते. जिल्हा केंद्रांचे गट अभ्यासात यावेत, राज्याबाहेरच्या केंद्रांशी नोंदी जुळाव्यात आणि शोध घेणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळी तरतूद व्हावी. हे करताना 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलेली गोपनीयता काटेकोरपणे पाळावी लागेल. नाव फुटण्याच्या भीतीनेच अनेकांची पावले केंद्राकडे वळत नाहीत. औषधांवरील खर्च सार्थकी लागतो की नाही, हे ठरविताना भागाकारातील छेद 60 नव्हे, 100च धरला पाहिजे.