बोहारीण आणि मोबाईल

आमच्या लहानपणी दुपारी गल्लीत बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. आई आणि शेजारच्या काकू ओट्यावर बसून तासभर घासाघीस करायच्या. दोन साड्या आणि बाबांची एक पँट, त्यावर एक पातेलं. बोहारीण म्हणायची, "वैनी, आणखी एक साडी टाका." आई म्हणायची, "मग झाकणी पण दे." शेवटी सौदा जमायचा. पण 'पातेलं फुकट मिळालं' असं आई कधीच म्हणाली नाही. काय दिलं आणि काय घेतलं, हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

ही बोहारीण मला परवा आठवली, ती एका मोबाईलमुळे.

बचत गटाची मीटिंग संपली, बायका पांगल्या, पण एक तरुण सून मागे रेंगाळली. "काकू, माझा मोबाईल जरा बघता का?" म्हणाली. तिला तीन महिन्यांपूर्वी दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यातच पोट पडलं. घरात आता तो विषय कुणी काढत नाही. पण मोबाईल उघडला की बाळाची झबली, पाळणे, डायपर! तिचे डोळे भरून आले. "काकू, घरातले सगळे गप्प आहेत, पण हा काही विसरू देत नाही. काल सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलंय ना, मग हे काय बघत बसतेस?"

"अगं, पण मोबाईलला कुणी सांगितलं?"

"मी कुणालाच नाही सांगितलं. पाळीच्या तारखा लिहायचं एक ॲप घेतलं होतं तेवढंच. फुकट होतं ते."

मी पडले बी.ए.ची, त्यातून मराठी घेऊन. रात्री पुण्याला मुलाला फोन लावला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं जे सांगितलं ते ऐकून झोपच उडाली. फुकटच्या पुष्कळ ॲपमध्ये दुसऱ्याच कंपन्यांच्या प्रोग्रॅमचे छोटे तुकडे बसवलेले असतात. आपण काय दाबलं, काय शोधलं, याची वर्दी ते मालकाकडे देतात. शिवाय फोनला जाहिरातींसाठी एक नंबर असतो. त्या नंबरावरून इथली माहिती, तिथली माहिती जोडली जाते. मग आपण एखादं पान उघडलं की ते दिसायच्या आत, डोळ्याचं पातं लवेपर्यंत, आपल्याला जाहिरात कुणी दाखवायची याचा लिलाव होतो!

त्या मुलीची गोष्ट नेमकी कुठून फुटली, ते सांगता येत नाही. ॲपमधून असेल, किंवा गरोदरपणात काय खावं हे तिनं शोधलं होतं त्यातून. पण असं घडतं, हे मात्र खरं. 'फ्लो' नावाचं पाळीच्या नोंदीचं ॲप जगभर दहा कोटींहून जास्त बायकांनी वापरलं. माहिती गुप्त राहील असं सांगूनही ते फेसबुक, गुगल अशा कंपन्यांना वर्दी देत होतं, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२१ मध्ये ठेवला. कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण समझोता केला. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टातल्या ज्युरीनं याच प्रकरणात फेसबुकच्या मालक कंपनीविरुद्ध, म्हणजे मेटाविरुद्ध कौल दिला.

या कंपन्या आपल्याकडून एक पैसा न घेता चालतात कशा? २०२३ या वर्षात मेटाची मिळकत सुमारे १३५ अब्ज डॉलर होती. त्यातले जवळजवळ १३२ अब्ज जाहिरातींचे! आता जाहिरात म्हणजे पाप नव्हे. हातातला हा पेपरसुद्धा जाहिरातींमुळेच इतक्या कमी पैशांत मिळतो. पण पेपरातली साडीची जाहिरात तुम्ही किती वेळ पाहिली, हे पेपर दुकानदाराला जाऊन सांगत नाही. फरक आहे तो इथं.

मैत्रिणींनो, कायदा आपल्या बाजूनं यायला लागला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य बंधनं पाळायला कंपन्यांना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. माहिती कशासाठी घेतो हे त्यांनी सोप्या भाषेत सांगायचं, आणि आपण मागितलं तर मराठीतूनही. दिलेली संमती परत घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं. आपली माहिती पुसून टाका, असंही आपण म्हणू शकतो. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण आपण 'अलाऊ, अलाऊ' करत अंगठा दाबत राहिलो, तर कायदा तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. मुलगा फोनवरून सांगत होता आणि आम्ही दोघी करत होतो. नुसतं ॲप उडवलं तर माहिती तिकडेच राहते, म्हणून आधी आत जाऊन खातं मिटवलं, मग ॲप काढलं. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ॲड्स, तिथं जाहिरातीचा तो नंबर डिलीट केला. (प्रत्येक फोनमध्ये जागा थोडी वेगळी असते.) गुगलच्या 'माय ॲड सेंटर'मध्ये संवेदनशील विषयांची यादी आहे. त्यात गरोदरपण आणि पालकत्व हा विषय बंद करता येतो, तो केला. कुठल्या ॲपला कॅमेरा, माईक, ठिकाण आणि नंबरांची यादी दिली आहे, तेही तपासलं. बॅटरीच्या ॲपला आमच्या फोनमधले नंबर कशाला हवेत?

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि तिथंच बसल्या. मी त्यांना सगळं समजावलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "मला वाटलं, तूच मुद्दाम बघतेस. मला सांगायचंस ना गं." सून काही बोलली नाही. फक्त त्यांच्या हातातला कप घेतला.

जाहिराती एका दिवसात थांबल्या नाहीत. हळूहळू कमी झाल्या. पुढच्या मीटिंगला मात्र सासूबाईच आपला फोन घेऊन पुढे आल्या. "बाई, माझ्यातलं पण बघा, मी काय काय देऊन बसलेय ते." सगळ्या हसल्या आणि एकेकीनं पर्समधून आपापला मोबाईल काढला.

आता आम्ही नवीन ॲप घेताना आधी विचारतो, पातेलं चांगलं आहे, पण बदल्यात साड्या किती?