चुकलेला फाटा

दुपारी 4. वेळापूरजवळच्या फडात ट्रॉल्या भरणं चालू आहे. बीडकडची टोळी पहाटेपासून ऊस तोडतेय. आता बाया डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून वर चढतात. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर वर उभा राहून मोळ्या रचून घेतो, कारण भार एका अंगाला गेला तर वळणावर ट्रॉली पलटी होते. त्याचे झोपायचे तास इथेच संपतात.

संध्याकाळी 7. दोर आवळून दोन ट्रॉल्या अकलूजकडे निघतात. झोप लागू नये म्हणून स्पीकर मोठ्याने लावलेला. त्यामुळे मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

रात्री 9. कारखान्याचा वाहनतळ. अकलूजच्या एका बाजूला शंकरनगर, दुसरीकडे माळीनगर. 1930च्या दशकापासून हा मुलूख साखरेवर उभा आहे, आणि हंगामात इथली रात्र म्हणजे नंबर लावून उभी असलेली वाहनं. रांग थोडी पुढे सरकली की उठायचं, ट्रॅक्टर सरकवायचा, पुन्हा स्टेअरिंगवर डोकं टेकायचं. अशा तुकड्यातुकड्यांच्या झोपेने अंग हलकं होत नाही.

रात्री 2. वजनकाटा. रात्री 2 ते पहाटे 6 या वेळात माणसाचं शरीर सगळ्यात मंद असतं, हे विमानवाहतुकीच्या नियमांत लिहून ठेवलेलं आहे. 22 मे 2010च्या पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडे कोसळलं, 158 माणसं गेली. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपला होता, असं चौकशीत निघालं. झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू जागा व्हायला वेळ लागतो. उसाच्या रांगेतला ड्रायव्हर रात्रभर तसाच उठतो आणि लगेच गिअर टाकतो.

पहाटे 3. मोळ्या गव्हाणीत पडल्या. रिकाम्या ट्रॉल्यांचं वजन झालं, पावती मिळाली.

पहाटे 4. मुकादमाचा फोन: दुसऱ्या फडात माल पडलाय, लवकर या. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, म्हणून घाई खरीच आहे. फोन कानाला, डोळे उघडे, आणि फडाचा फाटा मागे पडतो. 2009 साली अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे दोन वैमानिक लॅपटॉपमध्ये गुंतले आणि मिनियापोलिस ओलांडून सुमारे दीडशे मैल पुढे गेले. ते आकाशात होते. वळून सुखरूप उतरले. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मात्र मागे घेता येत नाही. हा पालखी महामार्ग आता चौपदरी. पुढचा दुभाजक तुटेपर्यंत जायचं, किंवा अंधारात उलट्या बाजूने परतायचं. थकलेला माणूस जवळचा रस्ता धरतो. समोरून पंढरपूरची गाडी वेगात येत असते.

सकाळी 7. फडात चहा. खेपेवर पैसे, म्हणून पुढची खेप लगेच भरायची. वैमानिकांसाठी 2024 साली ठरलेल्या नियमांत आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली. मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तासांची मर्यादा 1961च्या कायद्याने दिली, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एका ट्रॅक्टरच्या मालकाला तो बांधत नव्हता. कारखान्यांनी हे स्वतःहून करावं: वाहनतळावर अंथरूण टाकण्यापुरती शेड, नंबर जवळ आल्यावर मोबाइलवर संदेश, आणि काट्यावर पावती देताना मागच्या खेपेची वेळ बघून ड्रायव्हरला सक्तीची झोप.