हवेचं बजेट

पाण्याची एक रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या आणि रामटेकच्या बसस्थानकावर तिचं झाकण घट्ट लावून पिशवीत टाका. मडगावला उतरून ती बाहेर काढलीत, तर तिचे गाल किंचित आत गेलेले दिसतील. तिला कुणी दाबलेलं नसतं. रामटेक समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून आपल्याकडची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी विरळ असते. ती हवा बाटलीत कोंडून तुम्ही समुद्रावर नेलीत आणि तिथल्या जास्त जड हवेने बाटली चेपली, इतकंच.

आता तीच बाटली हातात धरून समुद्रात उतरा. दहा मीटरवर आतली हवा निम्मी होते, वीस मीटरवर एक तृतीयांश, तीस मीटरवर एक चतुर्थांश. पहिल्या दहा मीटरला काय घडलं ते पुन्हा बघा. आपल्या डोक्यावर जमिनीपासून अवकाशाच्या हद्दीपर्यंत जेवढी हवा रचलेली आहे, तिचं सगळं वजन दहा मीटर खाऱ्या पाण्यात मावतं. दहा मीटर म्हणजे जेमतेम तीन मजले. आपल्याकडे शेतातल्या विहिरीसुद्धा याहून खोल असतात.

ज्या रामटेकपासून कुठलाही समुद्र पाचशे किलोमीटरच्या आत नाही, तिथल्या मंडळींनी बुडालेलं जहाज बघायला जायचं ठरवलं, तर या बाटलीपासून सुरुवात करावी. सहलीत सगळे पैशांचा हिशेब मांडतात. समुद्र मात्र आणखी दोन हिशेब मागतो, एक हवेचा आणि एक नायट्रोजनचा. गंमत अशी की ते दोन नीट जमले तर पैशांचाही बऱ्यापैकी जमून जातो.

समजा, पाच जण निघाले. एक भाचा पुण्यात नोकरी करतो, त्याच्या चाळीसेक बुड्या झाल्या आहेत आणि तो तीस मीटरपर्यंत जायला शिकलेला आहे. दोघा मित्रांनी गेल्याच वर्षी पहिला परवाना मिळवला, त्यांची हद्द अठरा मीटर. एकाला टँकमध्ये पोहता येतं, पण समुद्र त्याने सिनेमातच पाहिलेला. आणि मावशी. मावशींना पोहता येत नाही, पण मागे राहायचं नाही हे पक्कं. अशा टोळीला एकाच जहाजापाशी कसं न्यायचं?

आधी हवा. पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं पोट सुमारे अकरा लिटरचं, त्यात दोनशे बार दाबाने हवा कोंबलेली. पन्नास बार शिल्लक ठेवून वर यायचं हा दंडक, म्हणजे वापरायला दीडशे उरले. अकरा गुणिले दीडशे, साधारण १६५० लिटर. तोंडातला रेग्युलेटर प्रत्येक श्वासाला भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देतो, म्हणूनच आपली छाती त्या बाटलीसारखी चेपत नाही. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये ही मागणीप्रमाणे हवा देणारी झडप घडवली आणि माणूस पाण्याखाली सुटा फिरू लागला. पण या सोयीची किंमत आहे. दहा मीटरवरच्या एका श्वासात वरच्या दोन श्वासांची हवा जाते, तीस मीटरवर चार श्वासांची.

नवखा माणूस घाबरून, हातपाय झाडत मिनिटाला वीस लिटर हवा सहज ओढतो. मुरलेला पाणबुड्या बारा लिटरवर भागवतो. पंधरा मीटरवर दाब अडीचपट, म्हणजे नवख्याला पन्नास लिटर लागतात आणि त्याची हवा तेहतीस मिनिटांत संपते. भाच्याला तीस लिटर पुरतात, तो पंचावन्न मिनिटं फिरू शकतो. जहाज तेच, सिलिंडर तेवढंच, भाडंही तेवढंच. ज्याचा श्वास संथ त्याला ते जवळजवळ दुपटीने स्वस्त पडलं! कमी खर्चात समुद्र बघायची सगळ्यात खरी युक्ती मला तरी ही वाटते: घरी बसून सावकाश श्वास घ्यायला शिकणं. त्याला तिकीट लागत नाही.

जोडीने उतरण्याचा नियम आहे, आणि ज्याची हवा आधी संपते तो जोडीदारालाही घेऊन वर येतो. भाच्याला नवख्या मित्राशी जोडलं तर भाच्याची वीस मिनिटं वाया जातात आणि मित्रावर उगाच दडपण येतं. तेव्हा जोड्या नात्याप्रमाणे लावू नयेत, श्वासाप्रमाणे लावाव्यात.

दुसरा हिशेब नायट्रोजनचा. हवेत चार पंचमांश तोच, आणि तो आपल्या काही कामाचा नाही. पण दाबाखाली तो सोड्यातल्या वायूसारखा रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. घाईने वर आलं की सोड्याचं झाकण उघडल्यासारखे बुडबुडे, आणि तेही आपल्या सांध्यांत. म्हणून खोलीप्रमाणे वेळेचे तक्ते केलेले आहेत. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात अठरा मीटरला ५६ मिनिटं मिळतात आणि तीस मीटरला फक्त २०. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि श्वास कधीही रोखायचा नाही, कारण छातीतली हवा आता बाटलीच्या उलट फुगत चाललेली असते.

हे कळलं की जहाज निवडणं सोपं होतं. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ 'हर्मिस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका पडून आहे. ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी ती बुडवली. जगभरचे पाणबुडे तिचं नाव घेऊन उसासे टाकतात, पण ती पन्नास मीटरच्या पलीकडे आहे आणि छंदाने बुडी मारणाऱ्याची हद्द चाळीसला संपते. आपल्या पाच जणांपैकी तिथे एकही जाऊ शकत नाही.

याउलट गोव्यात वास्कोसमोरच्या ग्रांदी बेटाजवळचा 'सुझीज रेक'. एका मालवाहू जहाजाचे अवशेष, पंधरा मीटरच्या आतबाहेर. वर्षानुवर्षांच्या पावसाळी लाटांनी सगळा आकार मोडून टाकलेला, पत्रे आणि लोखंडी फासळ्या तेवढ्या विखुरलेल्या. चित्रातलं डोलकाठी-सुकाणूवालं जहाज शोधायला गेलात तर निराश व्हाल. तिथे बघायचं ते दुसरंच. वाळूच्या सपाट माळावर माशाला लपायला जागा नसते. लोखंडाचा ढीग पडला की त्यावर शेवाळ, शंखशिंपले, मऊ पोवळी घर करतात, त्यांना खाणारे लहान मासे येतात आणि त्यांना खायला हेकरूसारखे मोठे. कोकणचा कोळी ही गोष्ट पाणबुड्यांच्या आधीपासून ओळखतो. जिथे जाळं अडकून फाटतं तिथेच मासळी भरपूर असते.

हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणायचं सिंधुदुर्गात ठरलं आहे, आणि जहाजाचं नाव ऐकून रामटेककरांचे कान टवकारतील. 'गुलदार', म्हणजे बिबट्या. पेंचच्या जंगलाला लागून राहणाऱ्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. भारतीय नौदलाची ही 'आयएनएस गुलदार' रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी नौका, पोलंडमध्ये बांधलेली, सुमारे चौऱ्याऐंशी मीटर लांब. ३० डिसेंबर १९८५ ला ती सेवेत आली आणि १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. २०२५ मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हाती आली, निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाशी ठेवण्यासाठी. बाहेर अशी उदाहरणं आहेत. अमेरिकेने 'ओरिस्कनी' ही विमानवाहू नौका १७ मे २००६ रोजी फ्लोरिडाजवळ स्वतःच बुडवली, आणि ती सदतीस मिनिटांत तळाशी गेली. अशा जहाजातून आधी तेल, तारा, विषारी रंग काढतात, दारं उतरवतात, भिंतींना मोठी भगदाडं पाडतात, जेणेकरून आत शिरलेल्याला बाहेरचा उजेड दिसत राहावा. 'गुलदार'वर बुडी सुरू आहे का, हे निघण्याआधी सिंधुदुर्गातल्या तारकर्लीच्या बुडी-केंद्राला फोन करून विचारलेलं बरं.

उजेडाची ही गोष्ट किरकोळ नाही. जहाजाच्या पोटात वर छप्पर असतं. घाबरलात तरी सरळ वर जाता येत नाही. एक पाय जोरात हलला की तळाचा गाळ उठतो आणि हातभर अंतरावरची दोरीही दिसत नाही. आत जाणं हे वेगळं प्रशिक्षण आहे. आपल्या पाचांतल्या भाच्यानेही बाहेरूनच बघावं.

बाहेरून बघण्यात कमीपणा कसला? पाण्यात सगळं एक तृतीयांशाने मोठं दिसतं. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो, त्यामुळे गंजाचा तांबूस पत्रा निळसर करडा दिसतो आणि टॉर्च मारला की एकदम पेटून उठतो. आवाज हवेतल्यापेक्षा चारपटीहून जास्त वेगाने येतो, म्हणून बोटीचं इंजिन सगळीकडूनच ऐकू येतं.

शिवाय त्या पाण्यात जुनी जहाजंही आहेत, सहलीतून न दिसणारी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी मुरगावजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. लाकूड शिल्लक नव्हतं, आपल्या उबदार समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपलावर्गीय किडे ते खाऊन टाकतात. राहिलं होतं ते हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, तोफा. पाणघोडा आफ्रिकेतला, भांडी चीनची, जहाज पोर्तुगालचं आणि अपघात गोव्याच्या उंबऱ्यावर. एका खडकावर अर्धं जग सांडलेलं! तळावर एखादा तुकडा दिसला तर तो उचलायचा नाही, हे सांगायची खरं तर गरज पडू नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा कायदाच आहे.

आता तारीख. जो ढग आषाढात रामटेकच्या टेकडीवर येतो, ज्याला कालिदासाच्या यक्षाने निरोप दिला असं आपण अभिमानाने सांगतो, तो निघतो याच समुद्रावरून. तो इथे पोचतो तेव्हा तिकडे बुड्या बंद असतात. हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यात नाताळ ते नववर्ष टाळा, गोव्यात खोलीचं भाडं तेव्हा आभाळाला टेकतं. आणि कालनिर्णय काढा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोराने आतबाहेर होतं आणि गाळ उठवतं. अष्टमीच्या आसपास कोळी ज्याला भांग म्हणतात तो असतो, भरती-ओहोटी मंद. त्या दिवसांत ओढ कमी आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. तोच खर्च करून दोन मीटरऐवजी सहा मीटर पुढचं दिसू शकतं.

बोट मात्र पाचांची एकच ठरवा, भाड्याचा मोठा भाग तिचाच असतो. भाचा आणि दोघे मित्र वाटाड्याबरोबर जहाजावर उतरतील, तोवर पोहणारा गडी आणि मावशी प्रशिक्षकाच्या हाताला धरून बेटाच्या उथळ खडकावर पहिली बुडी घेतील. अशा पहिल्या बुडीची कमाल हद्द बारा मीटर, पण पाच-सहा मीटरवरही पोपटमासा दिसतोच. पुस्तकी भाग घरूनच ऑनलाइन उरकून जा. स्वतःचा चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्या, बाकी सगळं भाड्याने. दमा, कानाचं दुखणं, हृदयाची गोळी, जे असेल ते फॉर्मवर खरं लिहा. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीतच बसा. कान मोकळे होत नाहीत आणि पडदा फाटायला दोन-तीन मीटर पुरतात.

परतीचं काय? दोन-चार बुड्यांनंतर विमानात बसण्याआधी अठरा तास थांबायला सांगतात, कारण केबिनमधला दाब दोन हजार मीटरच्या डोंगरावर असल्यासारखा उतरतो आणि अंगात उरलेला नायट्रोजन तिथे उसळू शकतो. म्हणजे विमानाने वेळ वाचवायला गेलात की आणखी एका रात्रीची खोली आली. डोंगराचंही तेच. पाणबुड्यांच्या पुस्तकात तीनशे मीटरच्या वरची जागा 'उंचावरची' मोजतात, त्या हिशेबाने रामटेक गावच उंचावर आहे. बुडी संपवून त्याच दुपारी गाडीने आंबोलीचा घाट चढायचा म्हणजे दोनेक तासांत सहाशे-सातशे मीटर वर, तेव्हा तेही टाळा.

कोकण रेल्वे मात्र मडगावपासून मुंबईपर्यंत समुद्राला फारशी सोडतच नाही. संध्याकाळी बसलात तर रात्रभर गाडी खालच्या खालीच धावते, तुम्ही बर्थवर झोपता आणि नायट्रोजन श्वासाश्वासाने निघून जातो. सकाळी मुंबईत नागपूरची गाडी धरायची. कसारा ओलांडून ती थळ घाट चढू लागते तोवर शेवटच्या बुडीला अठरा तास होऊन गेलेले असतात. सगळ्यात स्वस्त तिकीट, आणि अंगालाही तेच मानवतं.

मडगावला मावशींनी पाण्याची बाटली रिकामी करून झाकण लावून ठेवलेली असते, टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून. इगतपुरीला चहासाठी पिशवी उघडली की ती हाताला कडक लागते, गाल फुगवून बसलेली. झाकण फिरवल्यावर बारीकसं 'फुस्स' होतं, आणि गोव्याची थोडीशी हवा डब्यात सुटते.