नेकनूरला जाताय? कलदार बदलून घ्या

जामखेडहून एसटीत बसावं, पाटोदा मागे टाकावं, मांजरसुंब्याला केजच्या रस्त्याला लागावं, की थोड्याच वेळात नेकनूर येतं. वाटेत ना भाषा बदलते, ना ताटातली भाकरी. पण हाच प्रवास 1935 साली केला असता, तर तुम्ही चक्क परदेशी पोहोचला असता. जामखेड इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातलं, नेकनूर निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं. नगर-सोलापूरकडची माणसं या मुलखाला मोगलाई म्हणत. पासपोर्ट लागत नसे, हे खरं. बाकी परदेशाला जे जे लागतं ते सगळं इथे होतं: स्वतःचं नाणं, नोटा, पोस्टाची तिकिटं, रेल्वे, जकात आणि स्वतःचा सनसुद्धा.

तेव्हा 1935 सालच्या पाहुण्याला चार गोष्टी आधीच सांगून ठेवलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट पैशाची, आणि गंमत सगळ्यात जास्त तिथेच आहे. इंग्रजी रुपयाला मोगलाईत कलदार म्हणत आणि निजामाच्या रुपयाला हाली. सहा कलदार म्हणजे सात हाली. ऐकायला सोपं वाटतं, पण रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै असताना हिशेब करून पाहा. एका कलदाराला हाली एक रुपया, दोन आणे, आठ पै. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. शिवाय सराफाकडे मोड करायला गेलात तर त्याचा बट्टा वेगळा. नेकनूरच्या बाजारात बैलजोडीचा भाव कुणी सत्तर सांगितला, तर मान डोलावण्याआधी ‘हाली की कलदार?’ हे विचारायलाच हवं. सत्तर हाली म्हणजे साठ कलदार; न विचारता सत्तर कलदार दिलेत, तर दहा रुपयांना मुकलात. तेव्हाचे दहा रुपये!

हे हाली नाणं एकदा हातात घेऊन बघण्यासारखं आहे. त्यावर राजाचा चेहरा नाही, चारमिनार आहे. आणि मधल्या कमानीत एकच बारीक उर्दू अक्षर: ऐन. उस्मान अली खान या सातव्या निजामाच्या नावाचं ते आद्याक्षर. त्याच्या वडिलांच्या, महबूब अली खानाच्या नाण्यांवर त्याच कमानीत मीम असे. राजा बदलला की दारातलं अक्षर बदलायचं, इमारत तीच! नोटांवर मात्र उर्दूच्या सोबतीला मराठी, तेलुगू, कानडीतही किंमत छापलेली असे. नेकनूरच्या शेतकऱ्याची मराठी कचेरीत चालत नव्हती, पण नोटेवर ती दिसत होती.

दुसरी गोष्ट सामानाची. हद्दीवर करोडगिरीचा नाका लागे. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. इंग्रजांशी 1802 साली झालेल्या तहात मालावर शेकडा 5 जकात ठरली होती. विकायला कापडाचा तागा नेत असाल, तर तो उघड ठेवलेला बरा. बाहेरची काही मराठी वर्तमानपत्रं आत आणायला बंदी असे. तेव्हा पुरचुंडी बांधताना कागद कोणता वापरलाय, तेही पाहून घ्यावं. आणि चार माणसं जमवून भाषण ठोकायची हौस असेल, तर ती हद्दीबाहेरच भागवून यावी. ‘गश्ती निशान 53’ या परिपत्रकाप्रमाणे जाहीर सभेला सरकारची परवानगी लागे.

तिसरी गोष्ट कचेरीची. तिथे काम असेल तर ते शुक्रवारी काढू नये, शुक्रवारी सुट्टी. तिथली भाषा उर्दू, त्याआधी फारसी होती. कलेक्टर विचाराल तर सापडणार नाही. त्याला अव्वल तालुकदार म्हणायचं. समोर शेरवानी आणि रुमी टोपीतला अंमलदार दिसला, की तो मुसलमानच असेल असं धरून चालू नये. हिंदू अंमलदारांचाही तोच पोशाख असे. ‘आदाब अर्ज’ दोघांनाही चालतं. अंबाजोगाईला जायचं असेल, तर दप्तरात ते मोमिनाबाद या नावानं शोधावं.

चौथी गोष्ट टपालाची. पोहोचल्याचं पत्र घरी टाकायचं असेल तर सांभाळून. निजामाचं तिकीट संस्थानच्या हद्दीपुरतंच चाले. पुण्याच्या पत्राला इंग्रजी तिकीट, आणि त्यासाठी संस्थानात इंग्रजांची वेगळी पोस्टं.

हे झालं बाहेरून आत येणाऱ्याचं. आतून बाहेर जाणाऱ्यांची तर रांगच असे. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, आळंदी पुणे जिल्ह्यात, दोन्ही इंग्रजी मुलखात. म्हणजे मोगलाईतला वारकरी दर आषाढीला पायी परदेशवारी करत होता, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ज्यांचं संस्थान नेकनूरला आहे, ते बंकटस्वामी महाराज तर जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतलं मोठं नाव. राजकीय नकाशावर रेघ केवढी ठळक, आणि टाळकऱ्याच्या लेखी ती नव्हतीच!

भारत सरकारच्या सप्टेंबर 1948 मधल्या पोलीस कारवाईनंतर ती रेघ नकाशावरूनही हळूहळू पुसली गेली. 1950 साली पोस्टाची तिकिटं गेली. हाली रुपया त्यानंतरही काही वर्षं बाजारात रेंगाळला. 1956 साली नेकनूर मुंबई राज्यात आलं, 1960 साली महाराष्ट्रात.

परदेश संपला, पण त्याचे कागद संपले नाहीत. मराठा आरक्षणाच्या मागणीत कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं उघडली गेली, 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेट घराघरांत चर्चेला आलं, आणि मराठवाड्यात उर्दू-मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आजोबांच्या पेटीत असा कागद निघालाच, तर आधी सन पाहावा. तो निजामाच्या राज्यातला फसली सन असतो, आणि ते वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होतं. तारीख ऑक्टोबर ते डिसेंबरमधली असेल तर सनात 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढची असेल तर 591. म्हणजे 1345 फसलीतला आजूर 1935 सालचा, आणि त्याच फसलीतला पुढचा पावसाळा 1936 चा.