चष्मा कुठाय आजींचा?

“तुमच्या सासूबाईंना वात झालाय हो!” शेजारच्या कॉटपाशी बसलेल्या बाई मला म्हणाल्या आणि मला रडूच कोसळलं.

२०१८ सालचा श्रावण होता. आई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. वय ८१. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर सांगत होते, आणि इकडे आई मला ओळखत नव्हत्या. भिंतीवर माणसं चढताहेत म्हणायच्या. सलाईनची सुई त्यांनी दोनदा उपसली, तेव्हा त्यांचा हात मऊ पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधला. मग तर त्या फारच बिथरल्या. घरची मंडळी दाराशी उभी राहून कुजबुजू लागली. डोकं गेलं ते गेलंच, आता घरी नेऊन निभवायचं कसं?

तिसऱ्या रात्री ड्यूटीवर नवी सिस्टर आली. कोल्हापूरकडची, तिशीच्या आतली. आईंकडे थोडा वेळ नुसती बघत राहिली आणि मला विचारलं, “चष्मा कुठाय आजींचा?”

चष्मा माझ्या पर्समध्ये होता. कानातलं मशीनही तिथंच. कवळी घरी, फडताळात. ऑपरेशनला नेण्यापूर्वी या वस्तू काढून नातेवाइकांच्या हाती देतात, त्या मी जपून ठेवल्या होत्या. इतक्या जपून की तीन दिवस कुणाला आठवल्याच नाहीत!

मैत्रिणींनो, तुम्ही स्वतःला त्या कॉटवर ठेवून बघा. दिसत नाही, ऐकू येत नाही, दात नसल्यामुळे तुमचं बोलणं कुणाला उमगत नाही. रात्रभर ट्यूबलाइट जळतेय. मध्येच कुणी अनोळखी माणूस येऊन दंड धरतो आणि टोचतो. भिंतीवर चढणारी माणसं म्हणजे सलाईनच्या स्टँडची सावली होती, हे मला सिस्टरनं दाखवलं तेव्हा कळलं.

तिनं चष्मा पुसून आईंना घातला, मशीन बसवलं, स्टूल ओढून समोर बसली. आईंच्या हातावर हात ठेवला आणि त्यांची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबली. “आजी, मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात. पायाचं ऑपरेशन झालं. आता रात्र आहे. सूनबाई इथंच आहे.” प्रत्येक वाक्यानंतर जरा विसावा. मग पट्टी सोडली आणि तो हात माझ्या हातात दिला.

चष्मा घातला नि झाल्या बऱ्या, असं काही घडलं नाही हं. पुरते चार दिवस लागले. लघवीतला जंतुसंसर्गही सापडला, त्यावर औषध चालू झालं. म्हातारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागलं, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना लगेच सांगावं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. तो दिवसातून कमीजास्त होतो, रात्री बळावतो. संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, दुखणं, एखादं औषध, अशी नाना कारणं त्यामागे असतात. काही रोगी आरडाओरडा करतात, तर काही नुसते गप्प पडून राहतात. त्या गप्प पडलेल्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. ‘बिचाऱ्या शांत आहेत’ म्हणून आपण उलट समाधान मानतो!

पुढे त्या सिस्टरनं मला बरंच शिकवलं. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ अशी अक्षरं निसटतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ‘ऐकू येतं गं, पण कळत नाही.’ आपण ओरडलो की आपला बायकी आवाज आणखीच चढतो आणि कळायचं तेही कळेनासं होतं. त्यापेक्षा आवाज खाली आणावा, सावकाश बोलावं. नाही कळलं तर तेच वाक्य तीनदा न घोकता दुसऱ्या शब्दांत सांगावं. खिडकीकडे पाठ करून बोलू नये, चेहरा काळोखात जातो आणि ओठांची हालचाल दिसत नाही. हात लावण्याआधी ‘आता कूस वळवते हं’ एवढं तरी म्हणावं. शुद्ध हरपलेल्या माणसाशीही सिस्टर बोलतात ते याचसाठी. त्याच्या कानावर काय पडतंय, हे कुणी सांगावं?

आणखी एक. दहीभात पांढऱ्या बशीत घालून पांढऱ्या चादरीवर ठेवू नका. अधू नजरेला तो दिसतच नाही. मी निळी बशी आणली आणि आई आपल्या हातानं जेवल्या.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ मध्ये शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात गोंगाटावर एक अख्खं प्रकरण आहे. रोग्याजवळ वावरताना रेशमी घाघऱ्यांची सळसळ आणि किल्ल्यांचा खुळखुळाट त्यांना खपत नसे. (आपल्या बांगड्यांना त्या काय म्हणाल्या असत्या कोण जाणे!) पण सर्वांत जास्त राग कुजबुजीवर. रोग्याच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा, असं त्यांचं मत. कारण ते आपल्याबद्दलच असणार, या धास्तीनं रोगी जिवाचा कान करून पडलेला असतो.

हे मी वाचलं ते आई घरी आल्यावर, आणि वाचताना कानशिलं तापली. कारण नुकतंच एका दुपारी, वॉकर धरून चार पावलं टाकून झाल्यावर, आई मला म्हणाल्या होत्या, “तुम्ही सगळी दाराशी उभी राहून बोलत होतात ना, मला दिसत होतं. तोंडं काही ओळखू येत नव्हती, पण माना हलत होत्या. मला वाटलं, पाय कापलाय आणि आता मला कुठल्यातरी आश्रमात ठेवणार. म्हणून मी तुझ्याशी बोलत नव्हते.”

बोलत नव्हत्या! आणि आम्ही समजत होतो, ओळखत नाहीत.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? आम्ही आश्रमाचं नाव काढलं नव्हतं हे खरं, पण निभवायचं कसं हे तर बोललोच होतो. मी चहा टाकायला उठले.

तेव्हापासून आईंच्या चष्म्याचं घर उशाशी असतं, मशीनच्या बॅटऱ्या देवघराच्या खणात. आईंबद्दल काही ठरवायचं असेल तर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसायचं, असा नियम आहे. धाकटे भावजी मात्र अजून फोन कानाला लावून गॅलरीत जातात. आई लगेच चष्मा सारखा करून मला विचारतात, “काय म्हणतोय गं तो?”